चित्राच्या जागी

पान एकदम येत नाही.
हे तीयूला एकोणसाठाव्या वर्षी कळलं,
हीऊमा बेटावर, कर्डलाच्या संग्रहालयात,
हेल्टरमाची फेरी बर्फात अडकली होती
आणि ताल्लिनहून यायचा होता तो राइगो
फोनवरच सगळं समजावत होता.

आधी येतो मजकूर. नुसता.
त्यात जागोजागी लिहिलेलं असतं:
इथे एक चित्र आहे, ते अमुक ठिकाणी ठेवलंय.
मग ब्राउझर आल्या पावली परत जातो,
एकेका चित्रासाठी दार वाजवतो.
सोळा चित्रं, सोळा हेलपाटे.
"म्हणजे माझी आई," तीयू म्हणाली,
"यादी घरी विसरून दुकानात जायची, तसं."
"नाही. यादी आहे. दुकान हललंय."

हललं होतं खरंच.
जुना संगणक बारा वर्षं जिन्याखाली होता,
लोक त्याच्यावर ओले बूट वाळत ठेवायचे.
त्यातलं सगळं आता भांडारात गेलं:
बेटावरच्या हातमोज्यांची चौदाशे पानं,
कोणत्या गावची वीण, कोणाच्या लग्नातली,
अंगठ्याजवळ तो एक लाल दोरा का.
भांडारात म्हणे कप्पे नसतात, फांद्या असतात,
फांदीला फांदी, तिला पान;
इथवर ठीक होतं.
पण चित्रांची नावं गेली.
'लेइदाचा डावा हातमोजा' होतं जे
त्याला बत्तीस अक्षरांचा क्रमांक,
कोणाला हाक मारता येणार नाही असा.
पानं जुन्याच नावांनी हाका मारत राहिली.
ओ नाही.
रिकामी चौकट, कोपऱ्यात फाटका बारीक कागद,
चारशे चार,
चारशे चार.

मग राइगोने दारात एक माणूस बसवला.
माणूस म्हणजे चाळीस ओळी.
बाहेर पडणारं पान तो थांबवतो,
जुनं नाव वाचतो, वहीत बघतो,
नवा पत्ता घालून पुढे सोडतो.
आतल्या मूळ पानाला बोट लावत नाही.
हे तीयूला पटलं.
दुरुस्तीच्या नावाखाली उसवलेली वीण
तिने आयुष्यभर पाहिली होती.

वही भरायचं काम तिचं.
सात आठवडे. इकडे नाव, तिकडे क्रमांक.
कधी एका चित्राला तीन नावं,
कधी डाव्याच्या पानावर उजवा,
आणि एकदा, शपथेवर, कोणाची तरी मांजर.

शेवटी एक उरलं.
पान नऊशे अकरा, गाव एम्मास्ते.
भांडारात नाही, जिन्याखाली नाही,
हेल्डूरच्या मुलीच्या माळ्यावरही नाही.
ही पानं मुळात हेल्डूरने टंकली, दोन बोटांनी,
त्यालाही जाऊन आता नऊ वर्षं झाली.
चित्र आलंच नाही तर दिसावी म्हणून
प्रत्येक चित्रामागे एक ओळ लिहायची असते.
तो बहुतेक ठिकाणी लिहायचा: हातमोजा.
पुढच्या ठिकाणी: हातमोजा.
इथे मात्र:

सल्मे, कुंपणापाशी. उन्हाने डोळे बारीक केलेत.
एकाच हातात हातमोजा. दुसरा माझ्या खिशात आहे.

चित्र आलं असतं
तर ही ओळ कोणीच वाचली नसती.

"तिथे एखादी करडी चौकट टाकू का?" राइगोने विचारलं.
"नको."
"मग सर्व्हर दर वेळी शोधत बसेल."
"बसू दे."
वहीतली ती ओळ तिने अर्धीच ठेवली,
इकडे नाव, तिकडे काही नाही.

मार्चमध्ये फेरी सुटली. राइगो आला,
बूट काढून सवयीने जिन्याखाली ठेवले,
तिथे आता काहीच नव्हतं, तरी.
पान नऊशे अकरा उघडलं.
बराच वेळ बघत राहिला.
"काय दिसतंय?" तीयूने विचारलं.
"कुंपण," तो म्हणाला.

मग कॉफी, आणि डिस्कवर जागा किती उरली
त्यावर थोडं भांडण.